भत्ते वाढवून ओव्हरटाइम वाचत नाही
मूळ पगार कमी ठेवून भत्ते वाढवले की ओव्हरटाइमचा बोजा हलका होतो, हे मत पटत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ मध्येही जादा कामाचा दुप्पट दर काढताना भत्ते धरलेच जात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार तर वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले घटक (घरभाडे, प्रवास यांसारखे भत्ते) एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच मिळवली जाते. त्यापेक्षा जादा तास का लागतात ते पाहावे. कुपवाड एमआयडीसीतील आमच्या लहानशा प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून बनवण्याच्या कारखान्यात (हिशेब माझ्याकडेच असतो), हजेरी आणि जादा तासांची नोंद शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा बरेच जादा तास डाय (प्रेसमधला साचा) बदलण्याच्या खोळंब्यामुळेच लागत असल्याचे दिसले. आता पुढच्या पाळीची डाय आधीच तयार ठेवतो आणि जादा कामासाठी कामगाराची संमती लेखी घेतो.