कोसोवो: पोलिसांआधी न्यायाधीश
युद्धातून बाहेर पडलेल्या प्रदेशात 'आधी पोलीस उभे करा, न्यायालयं मागाहून' असं कुणी म्हणेल. सर्बियाच्या ताब्यातल्या, अल्बेनियन बहुसंख्य असलेल्या कोसोवोत हेच अंगाशी आलं. १९९९ मध्ये युद्धानंतर नाटोचे सैनिक धरपकड करत होते, पण खटले चालवायला पुरेसे न्यायाधीशच नव्हते. शेवटी कच्च्या कैद्यांच्या कोठडीची मुदत एक वर्षापर्यंत वाढवावी लागली. त्यात कायद्याचा घोळ: तिथला कारभार पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाने आधी मार्च १९९९ पर्यंतचा कायदा लागू केला, अल्बेनियन न्यायाधीशांनी तो सर्बियाचा म्हणून धुडकावला, मग डिसेंबरात मार्च १९८९ चा, म्हणजे सर्बियाने कोसोवोची स्वायत्तता काढून घेण्याआधीचा कायदा परत आणला. फेब्रुवारी २००० पासून परदेशी न्यायाधीश आले, पण पीठात अल्पमतात! डिसेंबर २००० च्या नियमाने तिघांच्या पीठात किमान दोघे परदेशी बसवता येऊ लागले. ही तरतूद पहिल्याच दिवशी हवी होती.