पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या रचनेवरून आखलेली टिकाऊ शेती-बाग, नागपूरच्या प्लॉटवर चालत नाही. माझं मत, तुमचं?

कूलरवाली_काकू
तीस बाय पन्नासचा प्लॉट. घर बांधून मागे जेमतेम चारशे चौरस फूट उरले. दोन वर्षांपूर्वी दोन दिवसांचं शिबिर केलं. तिथे दाखवलं तसे उताराला आडवे चर खणले, चराकाठी पपया लावल्या, जमीन पालापाचोळ्याने झाकली. जुलैत चरातलं पाणी आठवडाभर हललं नाही. चार पपया बुडाशी सडल्या आणि डासांवरून शेजारीण भांडून गेली ती वेगळी. जे वाचलं ते नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, भाजलं. मॉलिसन आणि होल्मग्रेन यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली ती टास्मानियात, म्हणजे थंड बेटावर. पंचेचाळीस डिग्रीत ती कशाला आणायची?

भेगाळ_जमीन
पपयांचं वाईट वाटलं, पण दोष चुकीच्या ठिकाणी देताय. आडवे चर म्हणजे पर्माकल्चर नव्हे, ते त्यातलं एक तंत्र. होल्मग्रेन यांच्या बारा तत्त्वांतलं पहिलंच सांगतं की आधी बघा, मग हात घाला. तुमची माती काळी भारी असणार. ती मे महिन्यात भेगाळते, पहिले पाऊस भेगांतून सरळ खाली जातात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरच थांबतं. अशा सपाट, चिकण जमिनीत चर म्हणजे डबकं. इथे उलटं करायचं: झाड उंच गादीवाफ्यावर, पाणी वाटेच्या खोलगटातून बाहेर. एक पावसाळा नुसतं बघितलं असतं तरी पाणी कुठे तुंबतं ते कळलं असतं.

कूलरवाली_काकू
एक वर्ष नुसतं बघत बसायला शिबिराची फी कोण भरतं हो?

वावरातला_भाऊ
राजेहो, तुम्ही ज्याले पर्माकल्चर म्हणून राहिले ना, थे आमच्या आजीचं परस हाये. मोरीचं पाणी केळीले, कुंपणावर वाल, मांडवावर तोंडली, कोपऱ्यात शेवगा, गोठ्यातलं शेण अळूले. शिबिर काहून पाहिजे? पैसे देऊन आजी विकत घेऊन राहिले लोकं.

प्रयोगवही
भाऊ, आजी मलाही प्रिय, पण तिच्या मोरीत राख आणि रिठा जायचा. आज तिथे डिटर्जंटचा सोडा जातो. काळ्या मातीत सोडियम साचलं की कणांची रचना मोडते, ओली असताना चिखल आणि वाळली की दगड. माझ्या दोन केळी अशाच पिवळ्या पडल्या. आता कपड्यांचं पहिलं पाणी गटारात सोडते, फक्त खळबळलेलं बागेत. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही जपून. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. त्यामुळे "जुनं तेच खरं" हेही मला पटत नाही.

आणि छताचं पाणी साठवा म्हणणाऱ्यांनी एकदा हिशोब करावा. शंभर चौरस मीटर छतावर दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार लिटर. आपल्याकडे वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे लाखभर लिटर. हजाराची टाकी पहिल्याच सरीत भरते, बाकी वाहून जातं. मेपर्यंत पुरेल एवढी टाकी चारशे फुटांत ठेवलीत तर बाग कुठे करणार? छताचा पाइप शोषखड्ड्यात किंवा बोअरकडे वळवा, आणि झाडं कमी पाण्याची निवडा.

भेगाळ_जमीन
हिशोब मान्य. म्हणूनच उन्हाळ्यात भाजी पिकवायचा हट्टही सोडायचा. जून ते फेब्रुवारी पीक, मार्चपासून जमीन झाकून गप्प. आच्छादन चार बोटं तरी जाड हवं. सोयाबीनचं कुटार (मळणीचा भुसा) मिळतं, तुऱ्हाट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) मिळतात. फक्त भिंतीपासून हातभर लांब टाका, नाहीतर उधई, म्हणजे वाळवी, घरात येते.

वावरातला_भाऊ
कुटार गाईले नाही का लागत, बाप्पा?

कूलरवाली_काकू
उधईचं कुणी सांगितलं नव्हतं, आता कळतंय दाराची चौकट का पोखरली ते. गादीवाफ्याचं पटलं, चर बुजवते. पण पश्चिमेच्या उन्हाचं काय? मी हिरवी जाळी बांधली तर शिबिरातल्या ताईंनी प्लास्टिक म्हणून नाक मुरडलं.

प्रयोगवही
बांधा. झाड सावली देण्याएवढं वाढेपर्यंत जाळी असू द्या. मीही तीन वर्षं वापरली, लाज वाटली नाही.

भेगाळ_जमीन
इथे मात्र मी वेगळा. पश्चिमेला आत्ताच शेवगा लावा, वर्षभरात सावली देतो. जाळी एकदा बांधली की झाड लावायचं राहूनच जातं.

कूलरवाली_काकू
शेवगा? पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात, वादळात फांदी मोडते ती वेगळी. आणि पश्चिमेला कोण राहतं माहीत आहे ना? तीच डासांवरून भांडलेली शेजारीण.