विषय: दिवाळीला सिनेमा दाखवायचाय ना, मग ‘पाणी’ दाखवा

परभणीकर ताई:

नमस्कार मंडळी,

आपल्या परदेशातल्या मराठवाडी मंडळींच्या दिवाळीच्या कार्यक्रमात यंदा एक मराठी सिनेमा दाखवायचा असं चाललंय आणि या मेल-लिस्टवर सगळे नावं सुचवायलेत ते वाचलं, मी सध्या परभणीला माहेरी आहे, रात्रीची जेवणं उरकली की आई-बाबा आणि मी मिळून काही ना काही लावतो, त्यामुळं मतं एकदम ताजी आहेत. माझं मत ‘पाणी’ला. आदिनाथ कोठारेनं दिग्दर्शित केलेला पहिलाच सिनेमा आणि मेन रोलही त्याचाच. गोष्ट आपल्याच नांदेड जिल्ह्यातली, लोहा तालुक्यातलं नागदरवाडी, तिथल्या हनुमंत केंद्रे यांची, खरी घडलेली. गावात पाणी नाही म्हणून गावातल्या पोरांना कुणी पोरगी देईना, त्याचंही लग्न त्याच पायी अडतं, मग हा गडी गावात पाणी आणायचंच असं मनावर घेतो.

दुष्काळ म्हटलं की भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडं बघणारा म्हातारा एवढं दाखवून बरेच जण मोकळे होतात. इथं पाणी नसणं घरात, सोयरिकीत, बायकांच्या दिवसात कुठं कुठं शिरतं ते दिसतं, आणि मला तेच फार भिडलं. सिनेमा चालू असतानाच आई म्हणली, आमची सोयरीक ठरायची होती तेव्हा माझ्या वडलांनी पहिला प्रश्न विचारला विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असतं, शिक्षण, नोकरी सगळं त्याच्यानंतर. बाबा तिकडून हळूच म्हणले, असायचं मार्चपर्यंत, मी एप्रिल सांगितलं होतं. मग पुढची दहा मिनिटं सिनेमा कुणी बघितलाच नाही, मागं नेऊन परत लावावा लागला. इतकी वर्षं झाली यांच्या लग्नाला पण ही गोष्ट घरात कधी निघाली नव्हती, ती एका सिनेमामुळं निघाली.

रुचा वैद्यचं काम पण फार गोड झालंय, नुसती वाट बघत बसलेली हिरॉईन नाही ती.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं. या सिनेमाला २०१८ सालासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणावरच्या चित्रपटाचा पुरस्कार मिळाला आणि थेटरात तो आला १८ ऑक्टोबर २०२४ ला. एवढी वर्षं डब्यात. आणि आल्यावर तरी किती जणांनी बघितला, तुम्हीच सांगा. म्हणून म्हणते आपण दाखवू.

अंबाजोगाईकर काका:

ताई, तुमच्या मताला माझं अनुमोदन, आणि तुमच्या बाबांना नमस्कार सांगा, आमच्या भागात असे एप्रिल सांगणारे लई जण निघतील.

मी नोकरी संपवून अंबाजोगाईला परत आलो तरी ही लिस्ट काही सोडवत नाही, सगळ्यांचं वाचत असतो. ‘पाणी’ मी बघितलाय आणि आवडलाय, पण माझं एक म्हणणं आहे ते जरा सविस्तर सांगतो. यात काम कमी दिसतं. मला काम बघायचं होतं. २०१६ ला पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं, म्हणजे गावागावांतल्या पाणी अडवायच्या कामाच्या स्पर्धेचं, पहिलं वर्ष होतं, राज्यातले तीनच तालुके घेतले होते, वरूड, कोरेगाव आणि आमचा अंबाजोगाई. तेव्हा एप्रिल-मेच्या उन्हात इथल्या गावांमधून माणसं टिकाव, फावडी, घमेली घेऊन उजाडायच्या आत माळावर जायची ते मी डोळ्यांनी बघितलंय आणि माझ्या परीनं घमेली पण उचललीत. उताराला आडवे, एका पातळीत चर खोदत जायचं, पातळी जरा चुकली की पाणी सगळं एका टोकाला पळतं आणि चर फुटतो. आणि सुरुवात माथ्यावरनं करायची, पायथ्याला आधी बंधारा घातला तर वरची सगळी माती येऊन पहिल्याच पावसात तो भरून जातो. हे कळायला इंजिनिअर लागत नाही, पण एकदा तरी कुणी समजावून सांगावं लागतं. मग जेव्हा पाऊस पडतो आणि ते चर भरलेले दिसतात नं, तेव्हा म्हातारी माणसं पण पळत जाऊन बघतात.

पण खोदणं हे त्यातलं सोपं काम. अवघड काम म्हणजे ज्याच्या बांधावरनं चर जाणार त्याला तयार करणं. त्याचं अर्धा गुंठा जाणार, फायदा होणार खालच्याला, आणि खालच्याशी त्याचं तीन पिढ्यांचं भांडण. रात्री त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचं, चहा प्यायचा, विषय काढायचाच नाही, दुसऱ्या रात्री परत जायचं. सिनेमात गावातला विरोध आहे, राजकारण आहे, नाही असं नाही, पण ही ओट्यावरची बैठक मला अजून पाहिजे होती. प्रेमकथेला जेवढा वेळ दिला त्यातला थोडा इकडं दिला असता तर बरं झालं असतं. आणि पाणी आल्यावर काय, हा तर अजून मोठा प्रश्न आहे, पाणी आलं की पहिल्याच वर्षी कुणीतरी ऊस लावतो आणि बोअर घेतो आणि सगळ्या गावाची मेहनत एका शेतात जिरते. त्यावर कुणीतरी सिनेमा काढावा, मी पहिल्या दिवशी पहिला शो बघीन.

तरीपण दाखवायचा तर हाच दाखवा.

नांदेडकर:

ताई, काका, दोघांचं वाचलं. माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका.

दिवाळीला लोक नटूनथटून येणार, फराळ करणार, सोबत लहान पोरं असणार, तिथं परत दुष्काळच दाखवायचा का? माझी मुलगी इकडंच जन्मली, तिला मराठवाडा म्हटलं की टँकर, हंडे आणि शेतकरी आत्महत्या एवढंच माहीत झालंय कारण बातम्या असोत नाहीतर सिनेमा, दुसरं काही दिसतच नाही. सुट्टीत गावी नेलं तर म्हणते बाबा इथं तर हिरवं आहे. आपल्याकडं वेरूळ आहे, अजिंठा आहे, पैठण आहे, ज्ञानेश्वरांचं आपेगाव आहे, आंब्याच्या सावलीत बसून नाटक बसवणारी पोरं आहेत, चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी संभाजीनगरातनंच तर गेले. त्यातलं पडद्यावर किती येतं? मला ‘दशावतार’ आवडला तो त्यासाठी, प्रभावळकरांचं त्या वयातलं काम तर आहेच, पण कोकणातल्या लोकांनी आपली जागा, आपली कला, आपला देव सगळं डौलात मांडलं. आपल्या भागाला तसा डौल कुणी द्यायचा?

आणि बोलीचं पण तेच. आमच्यासारखं बोलणारा माणूस सिनेमात आला की तो हसवायलाच येतो. मकरंद अनासपुरेंवर माझं प्रेम आहे, आपली बोली सगळ्या महाराष्ट्राच्या कानावर त्यांनीच घातली, पण त्यांच्यामागनं जे आले त्यांनी नुसता हेल उचलला. हसायचं असेल तोपर्यंत आमची भाषा आणि हिरोला रडू आलं, प्रेम झालं की लगेच पुस्तकातली मराठी. आमच्या घरात माणसं गेली, भांडणं झाली, प्रेमं झाली ती सगळी याच बोलीत झाली की. लक्ष्मण देशपांडेंचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ लहानपणी कॅसेटवर ऐकलं, एकटा माणूस ५२ पात्रं करतो, हसून हसून पोट दुखायचं, पण त्यातली माणसं हास्यास्पद कधीच वाटली नाहीत, घरातली वाटायची. आता संदीप पाठक करतात ते, ते पण आपल्याकडचेच. तसं काहीतरी पाहिजे.

तुम्ही ‘गोदावरी’ बघितला का? नाशिकची गोष्ट आहे, जुना वाडा, घाट, जितेंद्र जोशी आणि विक्रम गोखले, दोघांचं काम बघून मी रात्रभर जागा होतो. नाशिकच्या माणसासाठी नदी म्हणजे घाट, पूजा, आठवण. तीच नदी पुढं पैठणला जायकवाडीत येते, मग आमच्या नांदेडला विष्णुपुरीत, आणि आमच्यासाठी तीच नदी म्हणजे यंदा वरनं पाणी सोडतात का नाही. पाऊस कमी झाला की दरवर्षी तेच, वरच्या धरणांतनं जायकवाडीला पाणी सोडायचा आदेश, मग कोर्ट, मोर्चे. म्हणजे बघा, मी दुष्काळ नको म्हणत सुरुवात केली आणि फिरून पाण्यावरच आलो.

लातूरची मावशी:

मी फार लिहीत नाही पण नांदेडकरांचं वाचून राहवलं नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मी लातूरला होते, बहिणीच्या घरी. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, पाच लाख लिटर, नंतर ५० वाघिणींची यायला लागली. सगळं जग कॅमेरे घेऊन आलं होतं. आणि त्याच महिन्यात २९ तारखेला ‘सैराट’ लागला. घरातली सगळी पोरं गेली, दोनदा दोनदा गेली, येऊन अंगणात नाचली, आणि नाचून झाल्यावर अंघोळीला एकेक तांब्या कमी करून पाणी वापरायचं म्हणून बहीण ओरडत होती. दोन्ही एकाच घरात, एकाच दिवशी. तर तुमच्या मुलीला टँकर दाखवू नका असं नाही रे बाळा, टँकर आणि नाच दोन्ही दाखव. नुसता टँकर दाखवतात ते वाईट.

आणि ‘पाणी’ मी बघितलाय. त्यात रडारड नाही. लग्नाची गोष्ट आहे ती, दिवाळीला चालते.

परभणीकर ताई:

मावशी, अगदी मनातलं लिहिलंत. टँकर आणि नाच एकाच घरात.

भाऊ, तुमचं दुखणं मला कळतं, माझ्या पोरांचं पण तेच आहे, आणि बोलीबद्दल तर शंभर टक्के सहमत. पण म्हणूनच मी ‘पाणी’च्या बाजूनं आहे. बिचारा मराठवाडा असं त्यात नाहीये. बाहेरनं कुणी देव येऊन गाव वाचवत नाही, गावातलाच एक माणूस उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. माझ्या पोरीनं ते बघावं असं मला वाटतं, तिच्या आजोळच्या माणसांनी काय केलं ते. डौल म्हणाल तर माझ्यासाठी डौल तो आहे, आपल्या माणसानं आपल्या हातानं गावाचं नशीब बदलणं.

याच्याशी जोडून अजून एक सांगते, ‘स्थळ’ बघा. जयंत दिगंबर सोमलकर यांचा, विदर्भातला आहे, २०२३ ला टोरंटोच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडं मार्च २०२५ ला लागला. गावातलीच माणसं घेऊन केलाय. सविता नावाची शिकणारी मुलगी, तिला बघायला येतात, पाटावर बसवतात, तेच तेच प्रश्न, नाव काय, उंची किती, छंद काय, आणि नकार, परत दुसरे येतात. सुरुवातीलाच उलटं दाखवलंय, मुली मिळून मुलाला बघायला बसवतात, ते पाच मिनिट बघून आम्ही तिघी-चौघी मैत्रिणी खो खो हसलो आणि मग पुढचा दीड तास कुणाच्या तोंडातनं शब्द नाही, कारण आम्ही सगळ्या त्या पाटावर बसलेलो आहोत. बापाचं कापसाच्या भावाचं टेन्शन आणि पोरीच्या लग्नाचं टेन्शन हे एकच कसं होऊन बसतं ते त्यात फार खरं आलंय. ‘पाणी’त गावाला पोरगी मिळेना, ‘स्थळ’मध्ये पोरीला घर मिळेना, दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा, माझ्या डोक्यात ते एकमेकांशी बोलायलेत. पण ‘स्थळ’ दिवाळीला नको, तो वेगळा एखाद्या रविवारी बायकांनी मिळून बघू आणि नंतर निवांत बोलू, मला त्यावर खूप बोलायचंय.

आणि जे डिसेंबर-जानेवारीत गावाकडं येणार आहेत त्यांनी संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ फिल्म फेस्टिव्हल चुकवू नका, जानेवारीत असतो, असले सिनेमे मोठ्या पडद्यावर बघायला मिळतात आणि तरुण पोरं एवढी भरभरून येतात की बघून बरं वाटतं.

नांदेडकर:

ताई, मावशी, बरं, पटलं. माझं मत ‘पाणी’ला धरा. मुलीला मी आधी नागदरवाडी नकाशावर दाखवतो, आमच्या घरापासनं फार लांब नाही.

पण दोन अटी. एक म्हणजे सिनेमा संपल्यावर लगेच फराळाला सोडायचं नाही, अर्धा तास ठेवायचा आणि काकांना व्हिडिओ कॉलवर घ्यायचं, ते चर कसे खोदतात आणि तो ओट्यावरचा माणूस शेवटी कसा तयार झाला ते त्यांनी सांगायचं, पोरांना प्रश्न विचारू द्यायचे. दुसरं म्हणजे घरच्या अकाउंटवरनं हॉलमध्ये सिनेमा लावायचा नाही, निर्मात्यांना रीतसर मेल करून परवानगी घ्यायची, पैसे लागले तर तिकीट लावू. ती मेल मी लिहितो. इंग्रजी सबटायटल असलेली कॉपी पण मागतो, जावई-सुना आणि पोरांसाठी लागेलच.

अंबाजोगाईकर काका:

मी तयार आहे. तेव्हा आमच्याकडं पहाट असेल पण हरकत नाही, श्रमदानाला त्याच वेळेला उठायचो. ज्याच्या बांधावरनं चर गेला त्यालाच शेजारी आणून बसवतो, त्याच्याच तोंडून ऐका. हॉलची तारीख पक्की झाली की मला लगेच कळवा, तो सोयाबीन काढायच्या गडबडीत असणार, त्याला आधी सांगून ठेवावं लागेल.