जॅममध्ये काळी चारवाल्यांचा (म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गाणाऱ्या बायकांचा) नंबर नेहमी शेवटीच का?

ठेका_धरून (धागाकर्ता)

गोव्यात फोंड्याच्या बाजूला महिन्यातून एकदा एक बैठक होते, नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल. हल्ली पोरं तिला जॅमच म्हणतात कारण तबलापेटीबरोबर गिटार आणि काहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका) पण येतात. कोणीही या, वहीत नाव लिहा, गा नाहीतर वाजवा. ऐकायला मस्त. मी तिथे तबल्याला असतो, म्हणजे साडेसहाला बसलो की दहाला उठतो, त्यामुळे कोणाला कधी बसवलं आणि कोणाला कधी उठवलं हे सगळं बाजूने दिसत असतं.

तर दिसतं असं की नाव कितीही आधी लिहा, पहिले दीड-दोन तास आयोजकाच्या ग्रुपचे. मग पणजीचा किंवा मुंबईचा कोणी पाहुणा टपकला असेल तर तो, आणि त्याला वेळेचं बंधन नाही. मग उरलेले पुरुष. साडेनऊ वाजले की बायका. आता अंगण उघडं, साउंड लावलेला, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ला उघड्यावरचा माईक बंद म्हणजे बंद, म्हणून शेवटच्या तिघी-चौघींच्या वाट्याला एकेक अभंग, तो पण 'बेगीन आवर गो' (लवकर आटप गं) ऐकत ऐकत. का विचारलं तर उत्तर ठरलेलं, तबला पुरुषांच्या काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला लावलाय, बायका काळी चारला गातात, मध्येच बदलायचा म्हणजे वेळ जातो.

अहो तबला मी लावतो, वेळ गेलाच तर माझा जाणार ना? काळी दोनचा दुसरा दायां (उजव्या हाताचा तबला) आधीच लावून शेजारी ठेवला की काळी चारच्या गाण्याला तो पंचमात, म्हणजे 'प'च्या सुरात बसतो. एक उचलायचा, दुसरा ठेवायचा, झालं. ही अडचण नाही, हे निमित्त आहे. माझं म्हणणं, नंबर वहीप्रमाणे द्या, नाहीतर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाका.

अंगणवाला

तुम्ही म्हणता ती बैठक माझी नाही, पण मी अशीच एक चालवतो म्हणून लिहितो. साउंडवाल्याचे पैसे, खुर्च्यांचं भाडं, चहा-भजी, शेजाऱ्यांची कुरकुर, हे वही लिहून होत नाही. ज्याच्या अंगणात बसता त्याने आधी गायलं तर एवढं काय बिघडलं? आणि दुसरं खरं कारण कोणी बोलत नाही ते मी बोलतो. सुरवातीला दमदार माणूस लागतो. पहिलाच जर लय सोडून गायला तर लोक बाइकला किक मारतात, मग पुढे तुमची काळी चार ऐकायला राहणार कोण, आम्ही आणि शेजारचा कुत्रा? चिठ्ठ्या टाकून मैफल रंगत नसते. दोन दायां सांभाळायचं म्हणाल तर जुलैत फोंड्यात बसून बघा, दमट हवेने पुडी (तबल्यावरचं चामडं) ढिली पडते, एक चढवेपर्यंत दुसरा उतरतो.

ठेका_धरून

जुलैत काळी एकवाला पण उतरतो, तेव्हा मी हातोडी घेऊन बसलेलो असतो आणि पुरुष गायक निवांत चहा पितात, त्यांना कोणी शेवटी टाकत नाही.

काळी_चार

मला वाटलं हे फक्त माझ्याच बाबतीत होतं. मला एकदा सांगितलं, ताई काळी एकला गाऊन बघा ना, काय फरक पडतो. काळी एक वरची धरली तर तार षड्जाला (वरच्या 'सा'ला) किंचाळावं लागतं, खालची धरली तर खर्जात (खालच्या सुरांत) आवाजच निघत नाही. दुसऱ्या वेळी एका जाणकारांनी उपाय काढला, मालकंस राग घ्या, त्यातल्या मध्यमाला ('म'ला) काळी एकचा तबला बरोबर लागतो! म्हणजे आम्ही जन्मभर मालकंस आणि चंद्रकंसच गायचा का, यमनने आमचं काय घोडं मारलंय?

आणि 10 वाजता संपल्यावर फोंड्याहून आतल्या गावात कदंबा (सरकारी बस) मिळते का हो? नवऱ्याला नाहीतर भावाला गाडी घेऊन बोलवायचं, तो तोंड पाडून बाहेर उभा, आणि आत माझा एक अभंग. पुढच्या वेळी घरचेच म्हणतात कशाला जातेस. मग आयोजक म्हणायला मोकळे, बायका येतच नाहीत.

रोखठोक_म्हापशेंकार

सगळ्यांना समान वेळ हवा असेल तर शाळेच्या गॅदरिंगला जा. गाण्यात चढाओढ लागतेच. आपल्या गोव्यातल्या गायिका, केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई, दोघी अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, आणि दोघींचं एकमेकींशी काय होतं ते अख्ख्या संगीतजगताला माहीत आहे. त्या चुरशीतूनच दोघी एवढ्या मोठ्या झाल्या. कोणी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या तिथे. दम असेल तर साडेनऊला बसून पण लोकांना धरून ठेवता येतं.

पेटीचा_भाता

म्हापशेंकारबाब, उदाहरण अर्धंच दिलंत. केसरबाईंच्या आग्रहामुळे खाँसाहेबांनी मोगूबाईंची तालीम थांबवली असं सांगतात. ही चुरस नव्हे हो, हे दार लावून घेणं. पुढे मोगूबाई खाँसाहेबांचे भाऊ हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या, म्हणजे कोणीतरी दुसरं दार उघडलं म्हणून त्या आपल्याला मिळाल्या, आणि त्यांची मुलगी किशोरीताई आमोणकरही. अन्याय झाला म्हणून मोठ्या झाल्या हे म्हणणं सोयीचं आहे, कारण ज्या अशाच अडवल्या गेल्या आणि घरी बसल्या त्यांची नावं आज तुम्हाला ना मला ठाऊक.

आणि साडेनऊला लोकांना धरून ठेवायचं म्हणता, पण 10 ला माईकच बंद होतो. ख्यालाची आलापी सुरू होईपर्यंत साउंडवाला वायर गुंडाळायला लागलेला असतो. चुरस हवी तर दोघांना वेळ सारखा द्या, मग बघू कोण कोणाला भारी पडतं.

साथीदारांचं तर कोणी काढतच नाही. तबल्यातले लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर याच मातीतले, पेटीवाले तुळशीदास बोरकर बोरीचे, 2016 ला पद्मश्री मिळालेले, आणि इथे पेटी-तबल्यावाल्याला माईकवरून नावाने बोलवत सुद्धा नाहीत. 'साथीला आपलेच कलाकार' म्हणे.

सहा_तारा

मी गिटारवाला, जरा उलट बाजूने बोलतो. तुम्ही भजनवाले आपसात भांडताय पण आम्हाला तुम्ही सगळे मिळून 'फ्यूजन' नावाच्या खोक्यात टाकता, वीस मिनिटं, ती पण पाहुणा आला नाही तर. मी फोंड्यातलाच, आजोबा देवळात घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवायचे, तरी मी आलो की हा किनाऱ्यावरचा प्रकार आला असं बघतात. आणि किनाऱ्यावर गेलो तर तिकडे बाहेरच्या बँडला पैसे, लोकल पोराला 'एक्स्पोजर घे'. साथीदाराचं नाव गाळायचा आजार मुंबईत पण होताच, शंकर-जयकिशनच्या किती गाण्यांचं अरेंजिंग (कोणतं वाद्य कुठे काय वाजवेल ते बांधणं) आपल्या सेबॅस्टियन डिसोझांचं, सामान्य माणसाला हे नाव माहीत आहे?

पण चिठ्ठ्यांना माझा विरोध. माझं साउंडचेक, अ‍ॅम्प, वायरी, मग तबल्याचा माईक लावा, परत माझा लावा, यात अर्धा तास नुसता फुकट जाईल. त्यापेक्षा गट करा. काळी एकवाले एकत्र, काळी चारवाल्या एकत्र, आम्ही इलेक्ट्रिकवाले एकत्र, आणि दर महिन्याला गटांचा क्रम फिरवा. या महिन्यात शेवटी जो गट, पुढच्या महिन्यात तो पहिला.

अंगणवाला

हे निदान व्यवहारी आहे. गट फिरवायला माझी हरकत नाही, वही पण टेबलावर उघडी ठेवतो. पण नांदी आमच्याच ग्रुपची होणार. ते सोडणार नाही, कोणाला पक्षपात वाटला तर वाटू दे.

काळी_चार

नांदी तुमचीच असू दे हो, पण घड्याळ लावून. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत मंडळांना वेळ बांधून दिलेला असतो, तिथे भलेभले वेळेत आटोपतात, तुम्हालाच का जमू नये? वास्कोच्या सप्ताहात तर रात्रंदिवस भजन चालतं, एक मंडळी उठते, दुसरी बसते, शंभराहून जास्त वर्षं हे चाललंय आणि कुठे अडलं नाही. फक्त आपल्या अंगणातच दोन तासांची नांदी होते.

रोखठोक_म्हापशेंकार

सप्ताह देवाचा असतो बाय, तिथे कोणी बेसूर गायलं तरी लोक हात जोडून बसतात. जॅमला लोक ऐकायला येतात. दोन्हींची तुलनाच नको.

ठेका_धरून

सहा_ताराचं पटलं, गट करून क्रम फिरवा, चिठ्ठ्या मी मागे घेतो. मात्र दोन गोष्टी लिहून हव्यात. एक, साथीदारांना मध्ये सुट्टी, दुसरा तबलजी असेल तर त्याला पण बसू दे, मी काय खुर्चीसारखा भाड्याने आणलेला नाही. दोन, पाहुण्याला पण तेवढीच मिनिटं.

अंगणवाला

मुंबईहून आलेल्या माणसाला मध्येच उठवणार? मी नाही सांगणार. तुम्ही सांगा.

ठेका_धरून

मी सांगतो की. द्रुतमध्ये (जलद लयीत) चढवतो आणि तिहाई (तीनदा वाजवून संपवायचा तुकडा) टाकतो, समजणाऱ्याला समजतं.

अंगणवाला

आणि नाही समजलं तर?

पेटीचा_भाता

तर मी भाता सोडतो.

रोखठोक_म्हापशेंकार

करा काय करायचं ते. फक्त एवढं सांगा, तुमच्या या फिरत्या क्रमात पहिल्याच नंबरला बेसुरा माणूस बसला तर लोकांना थांबवणार कोण?

काळी_चार

आत्ता पहिले दोन तास जे थांबवतात तेच.