गच्चीवर नाचणी कुणाची वाळतेय?

सेक्रेटरी, ए-४०२: बी विंगच्या गच्चीवर पंचावर नाचणी पसरलेली आहे. उद्या सकाळी ९ वाजता टाकी धुवायला माणसं येणार आहेत. ज्यांची असेल त्यांनी आज रात्रीपर्यंत उचलावी. निम्मी कबुतरांनी खाल्ली आहे, तेही कळवतो.

बी-२०४: अगबाई, माझीच ती. सॉरी दादा. गुरुवारी बाळाला सहा महिने पूर्ण होतायत, म्हणून मोड आणून वाळत घातली होती. लगेच उचलते.

तळमजला, ए-००३: थांब पोरी. कबुतरं बसलेली नाचणी बाळाला घालायची नाही. टाकून दे सरळ. मोडाचं धान्य घरात पंख्याखाली वाळतं, त्याला गच्ची कशाला?

बी-२०४: बाई, दीड किलो होती हो.

तळमजला, ए-००३: दीड किलो? सहा महिन्यांच्या बाळाला? गावजेवण आहे का? पाव किलो कर. पीठ जुनं झालं की कडवट वास येतो, मग तू म्हणणार बाळ खात नाही.

बी-२०४: बरं, ग्रुपवर विषय निघालाच आहे तर विचारते. सुरुवात कशाने करायची? माझी आई म्हणते तांदळाची पेज. सासूबाई (त्याही या ग्रुपवर आहेत हे लक्षात ठेवून लिहितेय) म्हणतात वरणावरचं पाणी. आणि मोबाईल उघडला की सगळ्या बायका बाळाला अ‍ॅव्होकाडो भरवतायत.

बी-२०४ आजी: वाचलं मी.

बी-२०४ आजी: तुझ्या नवऱ्याला चौथ्या महिन्यापासून वरणावरचं पाणी पाजलंय. सहा फूट झालाय.

सी-३०२: आमच्या गोव्यात तिजान. नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची आणि नारळाच्या रसात गूळ घालून शिजवायची. माझ्या दोन्ही मुली त्यावरच वाढल्या.

डी-२०१: आमच्याकडे अकोल्याला तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून भरड काढून ठेवतात. त्याचाच मऊ भात, वरून तूप.

डी-५०१ डॉक्टर: ओपीडी संपली, आता लिहितो. सहा महिने म्हणजे १८० दिवस फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. आजींच्या काळात चौथ्या महिन्यात सुरू करायचे, तेव्हा डॉक्टरही तसंच सांगायचे, त्यात तुमची चूक नाही. सहा महिन्यांनंतर दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षं आणि पुढेही. बाळ मान धरतंय, आधाराने बसतंय, चमचा नेला की जिभेने बाहेर ढकलत नाही, एवढं दिसलं की सुरू करा. पहिला घास तांदळाचा की नाचणीचा यावर घरात भांडू नका. दोन्ही चालतात.

तळमजला, ए-००३: डॉक्टर, पहिला घास कशाचा हा प्रश्नच नाही. किती घट्ट, हा प्रश्न आहे. सगळे तिथंच चुकतात. जरा लांब लिहिते, वाचा.

मी २७ वर्षं अंगणवाडी चालवली, सांगोला तालुक्यात. दर महिन्याला वजनं घ्यायची. पाचव्या महिन्यापर्यंत बाळ छान गुटगुटीत, तक्त्यावरची रेघ वर चढत असायची. सहावा लागला, वरचं खाणं सुरू झालं, की रेघ आडवी. आईला विचारावं तर म्हणायची, खातंय की बाई, दोन-दोन वाट्या खातंय. घरी जाऊन बघावं तर वाटीत डाळीचं पाणी. नाहीतर भाताची पेज, नाहीतर चहात बुडवलेलं बिस्कीट. त्या आईचं काही खोटं नव्हतं. वाटी रिकामी होतच होती.

मी तिच्याच घरातला चमचा घ्यायची, वाटीत बुडवायची आणि आडवा करायची. धार लागली तर ते पाणी. चमच्याला धरून राहिलं आणि मग थबकन पडलं, तर ते जेवण. एवढी एकच परीक्षा. सासवांनाही लगेच पटायची, कारण डोळ्यांना दिसतं.

सात-आठ किलोच्या बाळाचं पोट केवढं? एका वेळी दोनशे-अडीचशे मिली, भरून भरून. दुधाशिवाय त्याला दिवसाला साधारण २०० कॅलरी वरच्या खाण्यातून लागतात, नवव्या महिन्यापासून ३००. पोट पाण्यानं भरलं तर ते दूधही नीट पिणार नाही आणि अन्नही पोटात जाणार नाही. म्हणून डाळीचं पाणी नको, डाळच द्या. शिजवून, घोटून, वर अर्धा चमचा तूप.

बी-२०४ आजी: पण एवढं घट्ट गिळणार कसं ते?

तळमजला, ए-००३: आजी, आता खरा प्रश्न विचारलात. त्यासाठीच तर मोड! पीठ जास्त घातलं की खीर लापशीसारखी चिकट होते आणि बाळ तोंड फिरवतं. पाणी वाढवलं की ताकद कमी. मोड आलेल्या धान्यात असं काहीतरी तयार होतं की ते पिठाचा चिकटपणा तोडतं.

डी-५०१ डॉक्टर: अमायलेज नावाचं विकर. स्टार्चचे तुकडे करतं.

तळमजला, ए-००३: तेच. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर बरंच काम झालं, आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवायचे. रोजच्या साध्या पिठाची घट्ट खीर शिजवा. गॅस बंद करून जरा निवू द्या, मग छोटा चमचाभर मोडाच्या नाचणीचं पीठ घालून ढवळत राहा. पाच मिनिटांत ती सैल पडते, बघताना गंमत वाटते. मग परत एक उकळी. पाण्याचा थेंब न वाढवता गिळण्याजोगी होते. म्हणून म्हटलं पाव किलो पुरे. ते विरजणासारखं वापरायचं.

आणि मोड आणून झाल्यावर खरपूस भाजू नका, नाहीतर ते विकर का काय ते मरून जातं. ओलावा जाईपर्यंत मंद आचेवर फिरवलं की बास.

बी-२०४: बाई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी तर खमंग भाजणार होते. आणि वस्त्रगाळ करायचं ना?

तळमजला, ए-००३: पहिले पंधरा-वीस दिवस कर. नंतर साध्या चाळणीने चाळ. नाचणीतलं कॅल्शियम बरंचसं सालपटाजवळ असतं, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास. फडक्यातून गाळून चोथा टाकला की त्यातलं बरंच केराच्या डब्यात जातं. तिजानवाल्या ताई, रागावू नका.

सी-३०२: रागावते कशाला. चोथा आम्ही कोंबड्यांना घालायचो. कोंबड्यांची हाडं मजबूत होती हे खरं.

ए-१०३: नमस्कार, मी घरगुती पद्धतीने नाचणी, बदाम, खारीक, सेंद्रिय गूळ घातलेलं बाळांचं सत्व करून देते. ६ महिन्यांपासून पुढे, २५० ग्रॅम ३८० रुपये. सोसायटीतल्यांना डिलिव्हरी फ्री. ऑर्डरसाठी...

सेक्रेटरी, ए-४०२: ताई, जाहिराती रविवारी. नियम ठरलेला आहे.

डी-५०१ डॉक्टर: ताई, रविवारीसुद्धा जपून. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. म्हणून तर डब्यांवर बाळाचा किंवा आईचा फोटो दिसत नाही. कायदा आणला मोठ्या कंपन्यांसाठी, पण शब्द 'कोणीही' असाच आहे. आणि गूळ काढा त्यातून. सेंद्रिय असला तरी साखरच ती.

ए-१०३: गूळ काढला तर मुलं खात नाहीत असा अनुभव आहे.

तळमजला, ए-००३: सहा महिन्यांच्या मुलाला गूळ माहीतच नाही तर तो मागेल कशाला? नवीन चव आठ-दहा वेळा पुढे करावी लागते. आपण दोनदा थुंकलं की गूळ घालतो आणि तिसऱ्यांदा खाल्लं म्हणून खूश होतो. खारकेची पूड चिमूटभर घाला, नाहीतर पिकलेलं केळं कुस्करा.

बी-२०४ आजी: आणि मीठही नाही म्हणे. अळणी कोण खाणार?

डी-५०१ डॉक्टर: वर्षापर्यंत वरून मीठ नको, आजी. जेवढं लागतं तेवढं दुधात आणि धान्यात असतं. जिरं घाला, चिमूट हिंग घाला, लसूण परतून घाला. तिखटमिठाआधीची बाळासाठीची वाटी बाजूला काढली की वेगळा स्वयंपाक नको.

सी-६०१: आमचं इथे मत विचारत नाहीये कुणी, पण आम्ही दोघं ऑफिसला जातो. विकतच्या डब्यातलंच देतो. गुन्हा केला का?

डी-५०१ डॉक्टर: अजिबात नाही. डब्यातल्यात लोह वरून घातलेलं असतं, ही जमेची बाजू. सहा महिन्यांनी बाळाचा जन्मतःचा लोहाचा साठा संपत येतो आणि नुसत्या पेजेने तो भरत नाही. फक्त डबा उलटा करून घटकांची यादी वाचा. जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं. साखर वरच्या तीन-चारात असेल तर दुसरा बघा. २०२४ च्या एप्रिलमध्ये यावरूनच गदारोळ झाला होता, युरोपात तोच ब्रँड बिनसाखरेचा आणि इथे साखर घालून. आपल्याकडचे नियम काही प्रमाणात साखर चालवून घेतात, म्हणून 'नियमात बसतं' एवढ्यावर जाऊ नका.

सी-६०१: मुलगी दहा महिन्यांची आहे. अजून सगळं मिक्सरमधूनच लागतं. जरा कण आला की उलटीचा आवाज काढते. भीती वाटते. थोरल्याच्या बोरन्हाणात त्याने खाली पडलेला शेंगदाणा उचलून तोंडात घातला होता. आवाजच बंद झाला. माझ्या मावशीने पालथा घालून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा निघाला. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

डी-५०१ डॉक्टर: मावशींनी वेळेवर योग्य ते केलं. यातला फरक लक्षात ठेवा, भीती कमी होईल. उबळ येते तेव्हा आवाज असतो, खोकला असतो, तोंड लाल होतं. ती शिकण्याची पायरी आहे, हात घालू नका. अडकतं तेव्हा आवाज जातो. एक वर्षाखालचं मूल असेल तर हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच थापट्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं. आलटून पालटून, आणि एकाने १०८ लावायचा. दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही, आणखी आत जातं.

मिक्सर मात्र उद्यापासून बंद. काट्याने कुस्करा. दाणेदार खाणं दहाव्या महिन्याच्या पुढे लांबवलं की पुढे मुलं खायला कटकट करतात. मऊ शिजवलेल्या गाजराची, भोपळ्याची बोटाएवढी फोड हातात द्या आणि समोर बसा. मोबाईल न लावता.

सी-६०१: शेवटचं वाक्य अवघड आहे.

डी-२०१: शेंगदाण्यावरून आठवलं. दाण्याचं कूट कधीपासून? माझी जाऊ अमेरिकेत आहे, ती म्हणते लवकर द्या. आम्ही तर तीन वर्षं देत नव्हतो.

डी-५०१ डॉक्टर: जाऊबाई बरोबर आहेत. अ‍ॅलर्जीच्या भीतीने लांबवायचे, पण २०१५ मध्ये इंग्लंडमधला मोठा अभ्यास आला. अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांत शेंगदाणा सुरू केला, तर पाचव्या वर्षी अ‍ॅलर्जीचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास कमी दिसलं. त्यामुळे भाजलेल्या दाण्याचं बारीक कूट, भरपूर सैल करून, खिरीत किंवा भाजीत घाला. पहिल्यांदा अगदी थोडं, दिवसा, घरी कुणीतरी असताना. अंगावर खूप इसब असेल तर आधी दाखवून जा. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही. अंडंही चालतं, पूर्ण शिजलेलं. मध वर्षापर्यंत चाटवायचासुद्धा नाही, त्यातल्या जंतूने बाळ लुळं पडू शकतं.

बी-२०४ आजी: उष्टावणाला मामा मध चाटवणार होता.

बी-२०४: आई, खीर चाटवू दे ना. अंगठीने, चांदीच्या वाटीतून, सगळं तसंच करू.

बी-२०४ आजी: बरं.

सी-३०२: बाई, एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाला अंगणवाडीतून पाकीट मिळतं. ते कसं द्यायचं? त्या पाण्यात कालवून देतात.

तळमजला, ए-००३: पुन्हा पाणीच! त्यांना सांगा, ते रोजच्या ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांच्या हिशोबाने दिलेलं असतं, ते त्या एका मुलासाठी. घरातल्या सगळ्यांनी वाटून खाल्लं तर त्याला काय उरणार? शिजवून घट्ट द्यायचं, वर तेल किंवा तूप. आणि आशाताईंकडून लोहाचं सिरप घ्यायला सांगा, आठवड्यातून दोनदा १ मिली, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. शी काळी होते म्हणून बंद करतात लोक. ती होणारच.

बी-२०४: बाई, किती वेळा आणि किती, तेवढं सांगा ना. फ्रिजवर चिकटवते.

तळमजला, ए-००३: दोन-तीन चमच्यांपासून सुरू, आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिने, तीन-चारदा. वर्षाचं झालं की घरातलं सगळं, पाऊण ते एक वाटी. पण फ्रिजकडे बघून भरवू नको, बाळाच्या तोंडाकडे बघ. तोंड फिरवलं की थांब. आणि उरलेलं संध्याकाळी परत गरम करून द्यायचं नाही, तू खाऊन टाक.

सेक्रेटरी, ए-४०२: टाकीवाल्यांनी वेळ बदलली, आठलाच येतायत. गच्ची मोकळी हवी.

बी-२०४ आजी: नाचणी मी मघाशी उचलून टाकून आले. पाव किलो नवीन रोळून भिजत घातली आहे. वाळवायला माझ्या खोलीतला पंखा घे, मला तो रात्री सोसत नाही.

सेक्रेटरी, ए-४०२: आजी, पंचा वरच राहिलाय.

बी-२०४ आजी: आमच्या ह्यांचा आहे. कबुतरांनी घाण केली असेल तर साबण लावून आणा.