डॅनियल वेब्स्टर: खासदार मॅसॅच्युसेट्सचा की बँकेचा?

चष्मेबद्दूर
अमेरिकेचा एकोणिसाव्या शतकातला वकील आणि राजकारणी वेब्स्टर, त्याच्या वक्तृत्वाचं कौतुक ऐकून कान किटले, म्हणून हा धागा. साल १८३३. अध्यक्ष जॅक्सन आणि बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स (केंद्र सरकारच्या सनदेवर चालणारी बँक) यांची जुंपलेली. मॅसॅच्युसेट्स राज्याचा सिनेटर वेब्स्टर बँकेच्या बाजूने उभा. डिसेंबरात हाच गृहस्थ बँकेचे प्रमुख निकोलस बिडल यांना कळवतो की, माझी रिटेनरची (वकील बांधून ठेवण्याची) फी नेहमीसारखी आलेली नाही, संबंध ठेवायचे असतील तर पाठवून द्यावी. आपल्याकडे याला हप्ता म्हणतात.

काळा कोट
असहमत. तेव्हा सिनेटरला पगार नव्हता, अधिवेशनात दिवसाला ८ डॉलर भत्ता मिळे. वकिली चालू ठेवणं सर्रास होतं. शिवाय १८१९ च्या मॅककलक खटल्यात (राज्याला या बँकेवर कर लावता येतो का, हा वाद) त्याने बँकेसाठी युक्तिवाद केला, तेव्हा तो संसदेत नव्हताच. मत आधीचं, फी नंतरची.

चष्मेबद्दूर
त्याच्याही आधी जा ना! १८१६ मध्ये, मॅसॅच्युसेट्सला जाण्याआधी, न्यू हॅम्पशायरचा प्रतिनिधी असताना याच बँकेच्या विधेयकाला त्याने विरोध केला होता. मग अशील मिळालं आणि मत बदललं. आयातकराचंही तेच: १८२४ ला विरोध, १८२८ ला पाठिंबा.

काळा कोट
आयातकराचं सोडा, तिथे मतदारांचंच हित बदललं होतं. बॉस्टनचा पैसा जहाजांतून कापडगिरण्यांत गेला होता. बँकेच्या पत्राचं समर्थन मलाही जड जातं, मान्य. पण ७ मार्च १८५० चं भाषण? देश फुटू नये म्हणून दक्षिणेतल्या गुलामी असलेल्या राज्यांशी तडजोड करा, पळालेले गुलाम परत करण्याचा कायदाही स्वीकारा, असं तो म्हणाला. त्यापायी स्वतःच्या राज्यात शिव्या खाल्ल्या. ते अशिलासाठी नव्हतं.

उंबरठा
मधेच बोलते. शिव्या त्याने खाल्ल्या, पण भोगलं कुणी? पुढच्याच वर्षी बॉस्टनमधून थॉमस सिम्सला पकडून जॉर्जियात परत नेलं, गुलामीत. वेब्स्टर तेव्हा परराष्ट्रमंत्री होता आणि कायद्याची कडक अंमलबजावणी व्हावी म्हणून झटत होता. तुम्ही दोघं फीच्या हिशेबात अडकलात. मला तर त्याने फुकट केलेलं काम जास्त भयंकर वाटतं.

काळा कोट
यावर चटकन उत्तर नाही माझ्याकडे. तरी 'हप्ता' शब्द मागे घ्या, राव.

चष्मेबद्दूर
नाही घेणार.