पणजोबांचा भाऊ बसऱ्याला गेला, पलटण कशी शोधायची?

मालवणी_नातू: पणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात वारले, घरात एवढंच माहीत की बसऱ्याला (आताच्या इराकमध्ये) गेले ते परत आलेच नाहीत. देवघरात ब्राँझची बशीएवढी चकती आहे, त्यावर सिंह आणि त्रिशूळ घेतलेली बाई, आजी तिला देवी समजून कुंकू लावायची. कडेने इंग्लिशमध्ये ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर आणि बाजूला फक्त नाव. पलटण कशी कळेल?

भिंगवाला: ती चकती मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवायचे, तिच्यावर हुद्दा पलटण काहीच नसतं. पंचम जॉर्जचं चांदीचं मेडल आहे का विचारा सगळ्यांना, बहुतेक कुठल्यातरी आत्याच्या ट्रंकेत असेल. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेलं असतं. आणि प्लीज ब्रासो मारू नका, अक्षरं आधीच झिजलेली असतात.

पलटणप्रेमी: मेडल मिळेपर्यंत कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवर बघा, फुकट आहे. पण नावाने सर्च करत बसू नका, साहेबाच्या कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं, आडनाव बऱ्याचदा गायबच. इंडियन आर्मी, पहिलं महायुद्ध असा फिल्टर लावा आणि जादा माहितीच्या रकान्यात गाव किंवा जिल्हा टाका, तिथे बापाचं नाव आणि गाव असतं बऱ्याच जणांचं. सिंधुदुर्ग टाकाल तर काही मिळणार नाही, तो १९८१ चा. मालवण तेव्हा रत्नागिरीत, कुडाळकडचे असाल तर सावंतवाडी संस्थान.

मालवणी_नातू: ओके, गाव मालवण तालुक्यातच. पलटणी कुठल्या बघू?

पलटणप्रेमी: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या मराठा पलटणी. त्यातल्या १०३, ११० आणि ११७ इराकमधल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं, किती वाटेतच गेले. त्यामुळे मृत्यूची तारीख १९१७-१८ ची निघाली तरी आपला माणूस नाही म्हणून सोडून देऊ नका.

प्रवासी_काका: बसरा मेमोरियलवर, म्हणजे तिथल्या युद्धस्मारकावर नाव कोरलेलं असेल, फोटो मागवू असं ठरवू नका हं. तिथे आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा, नावं फक्त अधिकाऱ्यांची. राग येतो खरंच. शिपायांची नावं ऑनलाइन नोंदीत आहेत, तिथूनच प्रिंट काढा.

भिंगवाला: आणि नंबर सापडला की बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या सेंटरला पत्र टाका, नुसत्या नावावर तिथे कोण काय शोधणार.